हारालांबीच्या दिवशी ओतलेला कॉलम

नेव्याना शोपोवाने कॉलमभोवतीचा काळा कागद एका कडेने उचलला, तेव्हा तपकिरी पट्टा त्या रेषेपासून वीतभर वर होता.

तिने कागद सोडला. मग पुन्हा उचलला. पाहिल्याने पट्टा थांबणार नव्हता आणि न पाहिल्याने रेष पुसली जाणार नव्हती. तरी सकाळपासून तिचे हेच चालले होते.

कॉलम म्हणजे काचेचा एक नितळ खांब. दोन माणसे एकावर एक उभी केली तर होईल एवढा उंच, कवेत जेमतेम मावेल एवढा जाड, आणि आत पांढरी भुकटी ठासून बसलेली. वरून द्रावक ठिबकत राही आणि पाणथळीतल्या पांढऱ्या घंटीफुलांच्या पानांचा अर्क आपल्याबरोबर खाली नेई. त्या अर्कात लुळ्या स्नायूंना पुन्हा हलायला लावणारे एक औषध होते, आणि त्याला बिलगून बसलेले, ओकारी आणणारे एक विष. भुकटीतून उतरताना एक रेंगाळे, दुसरे पुढे निघे. खालच्या तोटीशी पोहोचेपर्यंत त्यांच्या वाटा वेगळ्या झालेल्या असत. दोघांनाही स्वतःचा रंग नव्हता. अर्कातला तपकिरीपणा त्यांच्या आसपास चाले, म्हणून डोळ्यांनी त्याचाच माग काढायचा. भरण सगळीकडे सारखे असेल तर तो पट्टा थाळीतल्या पाण्यासारखा सपाट उतरतो.

हे भरण सारखे नव्हते. मध्यावर केसाएवढी रेष होती. परक्या माणसाला ती काचेवरचा ओरखडा वाटली असती. पण ओतणे मध्येच थांबले की जाड कण आधी तळाशी जातात, आणि सगळ्यांत बारीक, पिठासारखे कण मागाहून, सावकाश, त्यांच्यावर साय धरतात. त्या सायीवर पुढचे भरण पडले की ती आत गाडली जाते. पट्टा तिथे पोहोचला की त्याचा मधला भाग अडतो. कडेचा भाग मात्र काचेलगत, जिथे कण कधीच घट्ट बसत नाहीत, तिथून निसटून धावतो. सपाट पट्टा तिरका होतो, फाटतो, भिजलेल्या काजळासारखा एका बाजूने ओघळतो. वेगळे झालेले दोघे तोटीपाशी पुन्हा एकमेकांत कालवले जातात, आणि सगळा प्रवास फुकट जातो.

हॉलमध्ये क्लोरोफॉर्मचा गोडसर, डोके जड करणारा वास होता. वीज गेली होती. त्या हिवाळ्यात ती तीन तास असे आणि तीन तास नसे. द्रावकाला विजेची गरज नव्हती. त्याला फक्त खाली जायचे होते.

आज राजधानी सोफियाहून प्रोफेसर तोतेवा येणार होत्या. तीन लहान कॉलमांचे काम एका मोठ्या कॉलमात होऊ शकते, ही कल्पना नेव्यानाची. ती खरी ठरली तर तोतेवांची संस्था तिला मागून घेणार होती. राजधानीत राहायचे तर रहिवासाचा शिक्का लागतो, आणि तो अशा मागणीवाचून मिळत नाही. तिचा नवरा रुमेन तिथे होता. बोगद्याच्या कामावर भूमापक, तात्पुरत्या शिक्क्यावर, कामगारांच्या वसतिगृहात, जिथे बायकोलाही रात्री थांबू देत नसत. शनिवारच्या गाडीने ती जाई. दोघे स्टेशनातल्या उपाहारगृहात बसत, कॉफी थंड होऊ देत, म्हणजे वाढपी उठवायला येणार नाही. अलीकडे कॉफीच्या आधी बोलणे थंड होऊ लागले होते. वसंतात रुमेनचा करार संपत होता. नेव्यानाला शिक्का मिळाला तर दोघांना मिळून एक खोली. नाही मिळाला तर तो लिबियात रस्ते बांधायला जाणार होता, कित्येक वर्षांसाठी. हे त्याने धमकी म्हणून सांगितले नव्हते. हवामान सांगावे तसे सांगितले होते, आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटली होती.

अर्कही शेवटचा होता. पाने फक्त मे महिन्यात खुडली जातात. गोदामातली पिंपे केव्हाच रिकामी झाली होती. जे काही व्हायचे ते या काचेत, या भुकटीत, आज.

आणि भुकटीत ती रेष पडली होती ती संत हारालांबीच्या दिवशी.

हारालांबी व्हल्कोव्ह, ज्यांना सगळा कारखाना लांबो मास्तर म्हणे, त्यांनीच नेव्यानाला ओतायला शिकवले होते. भुकटी द्रावकात कालवून तिची खळ कितपत पातळ करायची, बादली कोणत्या बाजूने कलती धरायची, आणि मुख्य म्हणजे एकदा सुरू केले की हात कसा थांबवायचा नाही. बायको गेल्यापासून मास्तरांचे घर म्हणजे एक झाकलेली शेगडी होती. त्यांचा खरा संसार या हॉलमध्ये. वसंतात ते निवृत्त होणार होते, पण संचालक क्योसेव्हनी 'अर्धा दिवस येत जा, मास्तर' असा शब्द दिला होता आणि त्या शब्दावर म्हातारा जगत होता.

आपल्या नावाच्या संताचा दिवस तो आपला नावाचा दिवस, आणि त्या दिवशी कोणाला बोलवायचे नसते. ज्याला यायचे तो येतो. आणि जो येत नाही त्याचे न येणे वर्षभर आठवते. त्या दिवशी शेजारच्या खोलीत मास्तरांनी पाव, बहिणीने चर्चमधून आणलेला मध आणि राकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू, मांडली होती. नेव्याना शिडीवर होती. अर्धा कॉलम ओतून झाला होता.

"मुली, उतर की खाली. एक घोट!" मास्तर दारातून म्हणाले.

"अर्ध्यावर आलेय, मास्तर. हात थांबवायचा नाही, तुम्हीच शिकवलंय."

"मी शिकवलं ना? मग आज मीच सूट देतो. दिवस माझा आहे, कॉलमचा नाही."

"झालं की येतेच."

"झालं की मध संपलेला असेल. या झेच्काला ओळखतेस ना तू?"

प्रयोगशाळेतली झेच्का काचपट्ट्यांवर नमुने तपासायची आणि उरलेल्या वेळात माणसांना. तिने मास्तरांच्या खांद्यावरून डोके काढले. "अगं ए, उतर! संचालक ग्लास उंचावून उभेत. त्यांचा हात दुखायला लागला ना, तर सुट्टी आपली कापतील."

आतून हसण्याचा लोट आला. काचेच्या दारापलीकडे सगळे खरोखरच हात उंचावून थांबले होते, एखाद्या छायाचित्रात थांबावेत तसे. आणि छायाचित्र पुरे व्हायला फक्त तिची जागा रिकामी होती. नेव्यानाने बादली शिडीच्या फळीवर ठेवली. एका घोटाचा तर प्रश्न, असे तिने स्वतःला सांगितले.

एका घोटात काही भागले नाही. मास्तरांना उदंड आयुष्य चिंतायचे होते, मग त्यांच्या नसलेल्या बायकोसाठी चार थेंब जमिनीवर सांडायचे होते, मग क्योसेव्हनी आपल्या वडिलांच्या मधमाश्यांची गोष्ट काढली, आणि संचालकांची गोष्ट अर्ध्यात सोडून कोण उठणार? ती शिडीकडे परतली तेव्हा वरचा द्रव निवळला होता आणि पांढऱ्या भरणावर एक मऊ, तलम साय बसली होती. उपाय सोपा होता. लांब काठी घेऊन वरचा थर हातभर ढवळायचा, पुन्हा गढूळ करायचा आणि मग ओतायचे. पण सगळी मंडळी ग्लासांसकट शिडीखाली जमली होती. मास्तरांचा चेहरा आनंदाने लाल झाला होता.

"बघा," ते क्योसेव्हना सांगत होते, "बघा आता माझी पोर कशी ओतते!"

काठी मागणे म्हणजे त्या माणसाला, त्याच्या दिवशी, चारचौघांत सांगणे की तुमच्या मधाने माझे काम नासले. एवढेसे ते वाक्य. तिच्या जिभेवर आले आणि तिथेच चिकटले. तिने बादली उचलली आणि ओतू लागली. वरून पडणारा पांढरा लोट त्या सायीवर शांतपणे बसत गेला. नंतर रेष दिसली तेव्हा ती एकटीलाच दिसली असे तिला वाटले होते. पण दुसऱ्या दिवशी मास्तर कॉलमसमोर बराच वेळ उभे राहिले, खिशातून रुमाल काढून त्यांनी काच त्या ठिकाणी पुसली, आणि रेष पुसली जात नाही हे पाहून रुमालाची घडी घालून निघून गेले. त्यावर दोघे एक अक्षर बोलले नव्हते.

आज ते बोलले. कधी मागे येऊन उभे राहिले होते ते तिला कळले नाही.

"कागद राहू दे तसाच," ते हळूच म्हणाले. "विचारलं तर सांग, उजेडानं अर्क बिघडतो. खोटं नाही ते."

"कागदाखाली ती आहेच, मास्तर."

"असू दे. खाली बाटल्या लावताना पहिला भाग बाजूला काढ, शेवटचा भाग बाजूला काढ. मधलं चिमूटभर येईल ते निर्मळ येईल. तेवढंच पाठव त्यांना. झेच्काच्या काचपट्टीवर एकच ठिपका दिसेल, शुद्ध मालाचा, आणि बाईंना ठिपकाच हवाय."

"आणि बाकीचं? एवढा अर्क?"

"बाकीचं काय..." मास्तरांनी हात हवेत सोडला. "मे महिन्यात पानं येतीलच की. तू तोवर सोफियात असशील."

"आणि औषधाची वाट बघणारे मेपर्यंत काय करतील?"

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी फक्त तुला सुटलेली बघायला बसलोय."

तिने कागद नीट गुंडाळून त्याची कड दोऱ्याने बांधली. गाठ मारताना तिच्या लक्षात आले की ती गाठ पक्की मारते आहे.

प्रोफेसर तोतेवा ठेंगण्या होत्या आणि त्यांचे बूट वितळत्या बर्फाने भिजले होते. त्यांनी आल्याआल्या खुर्ची मागितली, बूट काढले, आणि लोकरी मोज्यांतले पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून कॉलमकडे पाहू लागल्या. क्योसेव्ह त्यांच्या मागे उभे राहिले, टाय सावरत. मास्तर भिंतीशी. झेच्का दारात.

"कागद कशाला?" तोतेवांनी विचारले.

"उजेडापासून जपायला," नेव्याना म्हणाली.

"कुठला उजेड? मला इथं तुमचं नाकसुद्धा धड दिसत नाहीये."

झेच्का फिसकन हसली. क्योसेव्ह म्हणाले, "कॉम्रेड शोपोवा फार काळजीपूर्वक काम करतात. आमच्याकडे सगळेच तसे."

"छान. मग मी थांबते. पट्टा उतरेल तेव्हा उतरेल. कॉफी मिळेल का?"

कॉफी आणायला झेच्का गेली. हॉलमध्ये ठिबकण्याचा आवाज तेवढा उरला. नेव्याना कागदाकडे पाहत होती, आणि कागद असूनही तिला आतले सगळे दिसत होते: पट्टा आता रेषेपासून चार बोटांवर असेल, आता तीन. वर दोघे वेगळे होत आले आहेत, एकमेकांचा हात सोडून. आणि खाली ती साय, कोणाच्या तरी सभ्यपणाची पातळ पापडी, त्यांची वाट अडवून बसली आहे. पट्टा तिला टेकण्याआधी तोटी बंद केली तर वरचे वर राहील. टेकल्यानंतर मात्र काहीही करता येणार नाही. मग फक्त खोटी बाटली उरेल आणि तिच्यातला एक ठिपका. तिला वाटले, आपण अजून शिडीवरच आहोत. अजून बादली हातात आहे, खाली सगळे ग्लास घेऊन हसत उभे आहेत, आणि काठी मागायची वेळ अजून गेलेली नाही.

ती खाली वाकली. तोटी बंद केली. ठिबकणे थांबल्याबरोबर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती दोऱ्याची गाठ सोडू लागली. सुटेना, तेव्हा तिने दाताने तोडली. कागद घसरून जमिनीवर पडला.

तोतेवा मोज्यांवरच चालत कॉलमपाशी आल्या. त्यांनी पट्टा पाहिला, मग त्याच्याखालची रेष, आणि बोटाचे नख काचेवर रेषेच्या लांबीने फिरवले.

"वर सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "हे काय झालं इथं?"

"ओतणं थांबलं होतं."

"का?"

"तांत्रिक अडचण," क्योसेव्ह पटकन म्हणाले. "वीज गेली होती."

"बादलीनं ओतायला वीज लागते तुमच्याकडे?"

क्योसेव्हनी टायची गाठ चाचपली. नेव्याना म्हणाली, "माझा हात भरून आला. मी थांबले."

तोतेवांनी तिच्याकडे नीट पाहिले; रागाने नव्हे, तर चांगल्या वाटलेल्या फळाला आतून कीड निघावी तसे. "मुली, अर्ध्यात हात थांबणाऱ्या माणसाला मी घेऊन काय करू? तुम्हीच सांगा. कल्पना कोणालाही सुचतात. हात मिळत नाहीत मला." त्या बुटांकडे वळल्या.

"माझा नावाचा दिवस होता."

मास्तर भिंतीपासून सुटून पुढे आले होते. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "मी बोलावलं तिला खाली. ती नाही म्हणत होती. दोनदा नाही म्हणाली. मी ऐकलं नाही. तिचा हात थांबत नाही हो बाई, मी तयार केलाय तो."

"उदंड आयुष्य लाभो," तोतेवा सवयीने म्हणाल्या, जसे या देशात कोणीही म्हणेल. आणि मग आपण काय ऐकले ते उमगून बुटांकडून परत वळल्या. झेच्का कॉफीचा कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच थिजली.

क्योसेव्ह हसले. "हारालांबी थकलाय आता. दिवस एकमेकांत मिसळतात त्याचे. उत्पादन चालू असताना हॉलशेजारी मेजवानी? माझ्या कारखान्यात? असं काही झालेलं नाही. हो ना रे, हारालांबी?"

मास्तरांनी तोंड उघडले. अर्धा दिवस येत जा, असे या माणसाने त्यांना सांगितले होते. त्या अर्ध्या दिवसाकडे ते आता पाहत होते.

"शोपोवा," क्योसेव्ह सावकाश म्हणाले, "शिडीवर तुम्ही होतात. तुम्हीच सांगा. होती का काही मेजवानी?"

प्रश्न साधा होता, आणि त्याच्यात सगळे बांधलेले होते. सोफियाला जायला कारखान्याने सोडल्याचा कागद लागतो, आणि तो या माणसाच्या सहीचा. नाही म्हटले तर सही मिळेल, पण ज्या संस्थेसाठी सही हवी ती तिला घेणार नाही. हो म्हटले तर संस्था घेईल आणि सही मिळणार नाही. तिला दोन्ही टोके स्पष्ट दिसली. दोन्हीकडे काचच होती. मग ती त्या हिशेबातून बाहेर आली, कारण मास्तर तिच्याकडे पाहत होते. म्हातारा तिच्यासाठी मोकळ्यावर येऊन उभा राहिला होता, आणि आता एका शब्दाने ती त्याला खोटा पाडू शकत होती.

"होती," ती म्हणाली. "मास्तर खरं सांगताहेत. मी उतरले. मग वरचा थर ढवळायला हवा होता, तोही मी ढवळला नाही. तो दोष माझा. तुम्ही शिडीशीच उभे होतात, कॉम्रेड संचालक. तुमच्या वडिलांच्या मधमाश्यांचं चाललं होतं."

झेच्काने कप टेबलावर ठेवला.

"दिवे कधी येतात?" तोतेवांनी विचारले.

दिवे आल्यावर त्यांनी जांभळ्या उजेडाचा दिवा मागवला, ज्यात बिनरंगी पदार्थही दिसतात, खिडक्यांवर पडदे ओढायला लावले आणि तो पट्ट्याच्या आसपास धरला. पांढऱ्या भुकटीत दोन काळसर सावल्या उभ्या राहिल्या, एकीखाली एक, दोन बश्यांसारख्या सपाट, मध्ये बोटभर निर्मळ पांढरेपण. अर्ध्या वाटेवरच त्यांची फारकत झाली होती. तोतेवा बराच वेळ पाहत राहिल्या.

"वरून उकरून काढा," त्या शेवटी म्हणाल्या. "थरथर. हा वेगळा, तो वेगळा. औषध वाया जायला नको. पद्धत बरोबर आहे तुमची." आणि बूट चढवता चढवता, कोणाकडेही न पाहता: "मी मागणी पाठवते. मला माणूस हवाय, आणि हा चालेल."

त्यानंतर झेच्काने नेव्यानाला घट्ट मिठी मारली, तिच्या कानात म्हणाली, "सोफियात टोपी घालून हिंडू नकोस, तुला शोभत नाही," आणि रडली. नेव्यानाने शिडीवर चढून कॉलमच्या तोंडातून लांब दांड्याच्या पळीने भरण उकरायला सुरुवात केली. मास्तर खाली भांडी धरून उभे राहिले. भुकटी ओली, जड, थंड होती. पळी खोलवर जाई तसतसा तिचा हात खांद्यापर्यंत काचेत उतरे, आणि तरीही त्या दुपारी, कदाचित पहिल्यांदाच, तिला तो हॉल उघड्यावर असल्यासारखा वाटला.

मागणी मार्चमध्ये आली. क्योसेव्हनी तिला बोलावून घेतले, खुर्ची दिली, कॉफी मागवली.

"मी रागावलोय असं वाटतंय तुम्हाला? छे! बसा, बसा. प्रोफेसरबाईंनी काय लिहिलंय बघा. अशी माणसं कारखान्यांत दुर्मीळ असतात. त्यांचेच शब्द. आता तुम्हीच सांगा, दुर्मीळ माणूस मी सोडू कसा? हारालांबी या महिन्यात जातोय. पूर्ण जातोय, त्याची तब्येत बघता अर्धा दिवस बरा नाही. मेमध्ये पानं येतील, तुमच्याच पद्धतीनं चार मोठे कॉलम उभे करायचे आहेत. ते कोण ओतणार? हॉल तुमचा. प्रमुख म्हणून."

"मला सोफियाला जायचंय, कॉम्रेड संचालक."

"जा की," ते मनापासून म्हणाले. "शनिवारी जा."

त्यांच्या आवाजात खुनशीपणाचा लवलेश नव्हता. तेच तिला असह्य झाले. भिंत असती तर डोके तरी आपटता आले असते. इथे सगळीकडे मऊ, सारखी, पांढरी स्तुती भरलेली होती, आणि तिच्यात कुठेही चीर नव्हती.

मास्तर त्यांचे सामान न्यायला आले तेव्हा ती नव्या कॉलमची काच पुसत होती. सामान म्हणजे एक मफलर, एक चाकू आणि खिडकीतले तिखट मिरचीचे रोप. कारखान्याने दिलेले घड्याळ त्यांच्या मनगटावर सैल पडले होते.

"मी बोललो नसतो तर?" त्यांनी विचारले.

"तर मी मूर्ख ठरले असते."

"आणि आता?"

"आता शहाणी ठरलेय."

ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिले. त्यांनी रोप तिच्यासमोर सरकवले. ती नको म्हणाली. "घरी न्या, मास्तर. तिथं काहीतरी वाढू दे." त्यांनी मान हलवली, रोप काखेत धरले आणि निघताना, जणू निरोपापेक्षा तेच महत्त्वाचे असल्यासारखे, म्हणाले, "खळ थोडी पातळ ठेव. मोठ्या काचेला पातळच लागते."

संध्याकाळी ती टपाल कार्यालयात गेली. काउंटरवरच्या बाईने सोफियातल्या वसतिगृहाचा नंबर जोडला आणि तिला लाकडी खोक्यात बसवून दार लावले. खोक्यात आधीच्या माणसाच्या सिगारेटचा धूर अजून कोंडलेला होता. रुमेनला खाली बोलवायला कोणी तरी गेले. पावले, दूरवरचा रेडिओ, जिन्यातले ओरडणे, मग त्याचा श्वास.

"झाली सही?" त्याने विचारले.

"झाली. दुसऱ्या कागदावर. हॉलची प्रमुख केलंय मला."

तारेतून दुसऱ्याच कोणाचा तरी संवाद ऐकू येत होता. एक बाई कोणाला तरी बटाट्यांबद्दल रागावत होती.

"अभिनंदन," रुमेन म्हणाला. आणि नंतर, "मीही केली सही, नेवे. काल. मला वाटलं होतं, तू फोन करशील तेव्हा फाडून टाकता येईल."

"कधी निघायचंय?"

"मेच्या मध्यावर. वार्नाहून जहाज. तू बंदरावर येशील ना?"

तिने डोळे मिटले. मेच्या मध्यावर नदीकाठावरून ट्रक येतात, ओल्या पानांनी भरलेले; पाने खुडली की थांबत नाहीत, कुजू लागतात, आणि हॉलच्या प्रमुखाला त्या दिवसांत घरीसुद्धा जाता येत नाही.

"पानं येतात तेव्हा," ती म्हणाली.

"म्हणजे नाही."

"मी रजा मागेन," ती म्हणाली. "मागून बघेन, रुमेन." पण तो तिला पुरते ओळखत होता, आणि तीही स्वतःला.

बाहेरून काउंटरवरच्या बाईने काचेवर टिचकी मारली आणि वेळ वाढवायचा का, असे हाताने विचारले. नेव्यानाने हो म्हटले. मग दोघे रिसीव्हर कानाशी धरून, तारेतली ती बटाट्यांची बाई ऐकत राहिले.